वाहकाला जो नियम, तो सचिवाला का नाही?

एखादा बडा सनदी अधिकारी मुदतीआधी नोकरी सोडतो, आठवडाभरात एखाद्या पक्षाचा गमछा गळ्यात घालतो किंवा वर्षभराने एखाद्या कंपनीच्या संचालक मंडळावर दिसू लागतो, आणि ठरलेला वाद ठरलेल्या वळणाने सुरू होतो. एक बाजू म्हणते, सरकारी पैशावर पोसलेल्या या माणसांचे निवृत्तिवेतनच बंद करा. दुसरी बाजू म्हणते, निवृत्तिवेतन हा हक्क आहे, त्याला हात लावाल तर खबरदार. खानदेशात हा वाद जरा जास्तच कडवट होतो, कारण आमच्याकडे निवृत्तिवेतन ही घराघरातली गोष्ट आहे. भुसावळची रेल्वे, वरणगावचा आयुध कारखाना, दीपनगरचे वीज केंद्र, जिल्हा परिषदांच्या शाळा आणि एसटीचे आगार यांवर इथल्या दोन-तीन पिढ्या जगल्या. एकाच घरात सासरे जुन्या पेन्शनचे, जावई नव्या योजनेतला आणि धाकटा मुलगा अकरा महिन्यांच्या कंत्राटावर, असे चित्र सर्रास दिसते. त्यामुळे ‘साहेब गेले आणि पेन्शन घेऊन गेले’ ही बातमी वाचून जो तो आपापल्या जखमेवरून बोलतो आणि मूळ प्रश्न बाजूला पडतो.

मूळ प्रश्न निवृत्तिवेतन द्यावे की नाही हा नाही, ते केव्हापासून द्यावे हा आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे: वरिष्ठ अधिकाऱ्याला मुदतीआधी नोकरी सोडण्याचा हक्क असावा, त्याने कमावलेले निवृत्तिवेतन हिरावून घेऊ नये; पण स्वखुशीने लवकर जाणाऱ्याला पूर्ण निवृत्तिवेतन नियत वयालाच सुरू व्हावे. आधी हवे असेल तर एसटीच्या वाहकाला जी कपात सोसावी लागते तीच त्यानेही सोसावी. ही मागणी क्रांतिकारक वाटत असेल, तर नियम काय होते आणि ते कधी बदलले हे आधी पाहायला हवे.

महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम १९८२ मधला नियम ६६ सांगतो की, २० वर्षांची अर्हताकारी (निवृत्तिवेतनासाठी मोजली जाणारी) सेवा झालेला कर्मचारी तीन महिन्यांची नोटीस देऊन स्वेच्छानिवृत्ती घेऊ शकतो. भारतीय प्रशासन सेवेसारख्या अखिल भारतीय सेवांचे नियम १९५८ चे आहेत आणि त्यांतही २० वर्षांनंतर तशीच वाट आहे. एके काळी या वाटेवर पथकर होता. पूर्ण निवृत्तिवेतन, म्हणजे वेतनाच्या निम्मी रक्कम, ३३ वर्षांच्या सेवेला मिळे. त्याहून कमी सेवा असेल तर त्या प्रमाणात कमी. स्वेच्छानिवृत्ती घेणाऱ्याला जास्तीत जास्त पाच वर्षांचा वाढीव भार दिला जाई. म्हणजे २२ वर्षांनी नोकरी सोडणाऱ्याची सेवा २७ वर्षे धरली जाई आणि त्याला निम्म्या वेतनाचे सत्तावीस तेहतिसांश, म्हणजे जेमतेम ८२ टक्के पदरात पडत. न्यायमूर्ती श्रीकृष्ण यांच्या अध्यक्षतेखालील सहाव्या वेतन आयोगानंतर हे चित्र पालटले. २० वर्षांच्या सेवेलाच पूर्ण निवृत्तिवेतन मिळू लागले, वाढीव भार काढून घेतला गेला आणि राज्यानेही तीच चाल धरली. ज्या शिक्षकाची किंवा परिचारिकेची नेमणूक उशिरा झाली तिला या बदलाने न्याय मिळाला, यात शंका नाही. पण त्याच दाराने पन्नाशीतला प्रधान सचिवही बाहेर पडू लागला, आणि त्याच्या निवृत्तिवेतनातून एक रुपयाही वजा होईनासा झाला. लवकर जाणाऱ्याला कपात ही काही आज निघालेली टूम नव्हे. ती दीर्घकाळ होती. कपात नसणे हीच अलीकडची गोष्ट आहे, आणि ती वरिष्ठांसाठी जाणीवपूर्वक ठरवली गेली असे कुठे दिसत नाही. कनिष्ठांसाठी केलेल्या सुधारणेच्या मागे ती आपसूक चालत आली.

आता आकड्यात पाहू. १९९९ साली पंचविसाव्या वर्षी भारतीय प्रशासन सेवेत आलेला अधिकारी २०२६ मध्ये ५२ वर्षांचा असतो. प्रधान सचिवाच्या वेतनस्तरावर त्याचे मूळ वेतन किमान १,८२,२०० रुपये. आज त्याने सेवा सोडली तर मूळ निवृत्तिवेतन ९१,१०० रुपये बसते. साठीपर्यंतच्या आठ वर्षांत त्याला महागाई भत्ता न धरता ८७ लाखांहून अधिक रक्कम मिळेल, आणि या आठ वर्षांत तो राज्याचे कोणतेही काम करीत नसेल. उपदान (ग्रॅच्युइटी), रजेचे रोखीकरण, भविष्य निर्वाह निधी हे सारे वेगळे. त्याच्यासमोर एसटीचा वाहक ठेवा. एसटीचे कर्मचारी राज्य शासनाच्या निवृत्तिवेतन नियमांत येत नाहीत. ते १९९५ च्या कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेत, म्हणजे ज्याला सगळे ‘ईपीएस पंचाण्णव’ म्हणतात तिच्यात येतात. तिथे किमान निवृत्तिवेतन २०१४ पासून महिना १,००० रुपयांवर खिळलेले आहे. पूर्ण निवृत्तिवेतन ५८ व्या वर्षी. पन्नाशीनंतर आधी घेता येते, पण आधीच्या प्रत्येक वर्षाला ४ टक्के कपात. ५२ व्या वर्षी घेतले तर पाचव्या हिश्श्याहून अधिक रक्कम जाते, आणि ती कायमची जाते.

नोव्हेंबरात धुळ्यातल्या कुठल्याही बँकेत हयातीचा दाखला द्यायला आलेल्यांची रांग पाहावी. ठशाच्या यंत्रावर एसटीच्या जुन्या चालकाचा अंगठा ठेवला की यंत्र तीनदा नकार देते, कारण तीस वर्षे स्टिअरिंग धरून बोटांवरच्या रेषाच गुळगुळीत झालेल्या असतात. मग कारकून ओला रुमाल देतो, दुसरे बोट ठेवायला सांगतो, शेवटी डोळ्यांची बुबुळे तपासायची का यावर चर्चा होते. अशाच एका गृहस्थांना मी त्यांच्या पेन्शनमधल्या कपातीबद्दल विचारले तेव्हा ते म्हणाले, “आम्हले कोन इचारस, भाऊ?” गुडघे गेले म्हणून त्यांनी मुदतीआधी काम सोडले होते. महिन्याला मिळणारी रक्कम तीन हजारांच्या आत. लवकर घेतली म्हणून कापली गेली, हे त्यांना पूर्ण मान्य होते. त्यांची त्याबद्दल तक्रारही नव्हती. ज्या तत्त्वाने त्यांची रक्कम कापली गेली ते तत्त्व सचिवाच्या बाबतीत का थांबते, एवढाच माझा सवाल आहे.

कोणी म्हणेल, सरकारी नोकर आणि महामंडळाचा नोकर यांची तुलनाच चुकीची. ठीक, मग सरकारातलीच तुलना घेऊ. केंद्राने २४ ऑगस्ट २०२४ रोजी एकीकृत निवृत्तिवेतन योजना जाहीर केली आणि १ एप्रिल २०२५ पासून ती लागू झाली. २५ वर्षे सेवा झालेल्याला शेवटच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या निम्मी रक्कम, अशी तिची हमी आहे. पण त्याच योजनेत असेही कलम आहे की, कर्मचाऱ्याने स्वेच्छानिवृत्ती घेतली तर ही रक्कम त्याच्या नियत सेवानिवृत्तीच्या तारखेपासूनच सुरू होईल. भुसावळ विभागात २००५ साली बाविसाव्या वर्षी रुळांच्या देखभालीला लागलेला गँगमन या योजनेत गेला, तर २०३० मध्ये त्याची २५ वर्षे भरतील आणि तो ४७ वर्षांचा असेल. वैशाखाच्या उन्हात खडी ओढून, पावसाळ्याच्या रात्री गस्त घालून त्याचे शरीर थकले आणि त्याने तेव्हा काम सोडले, तर निवृत्तिवेतनासाठी तेरा वर्षे थांबायचे. २००३ मध्ये, म्हणजे केंद्रात जुनी योजना चालू असताना, लागलेल्या अधिकाऱ्याला मात्र सोडल्याच्या दुसऱ्या दिवसापासून पूर्ण. नव्या योजनेत हे कलम घालताना शासनाने जो युक्तिवाद केला असेल तो चूक नव्हता. म्हातारपणाची हमी म्हातारपणीच उपयोगी पडावी, हाच त्याचा गाभा असणार. तो युक्तिवाद गँगमनला पटवून द्यायचा आणि सचिवाला त्यातून वगळायचे, हे मात्र कसे समर्थनीय ठरते? योजना ज्या पिढीच्या अधिकाऱ्यांच्या टेबलांवरून गेली ती पिढी जवळपास पूर्णपणे जुन्या योजनेतली आहे. कोणाच्या हेतूविषयी शंका घ्यायचे कारण नाही, पण स्वतःला लागू न होणारा नियम लिहिताना लेखणी जरा सैल चालते हा माणसाचा स्वभाव आहे.

महाराष्ट्रात या विषयाला एक तारीख जोडलेली आहे. १ नोव्हेंबर २००५ च्या आधी राज्याच्या सेवेत आलेल्यांनाच मूळची जुनी योजना आहे. म्हणजे नोव्हेंबर २०२५ पासून जुन्या योजनेतल्या जवळजवळ प्रत्येक अधिकाऱ्याची २० वर्षे भरलेली आहेत. सेवेतले खंड सोडले तर त्यांच्यापैकी कोणीही आज नोटीस देऊन तीन महिन्यांनी पूर्ण निवृत्तिवेतनासह जाऊ शकतो. पुढची दहा-पंधरा वर्षे हे दार सताड उघडे असेल, आणि नेमक्या याच वर्षांत या पिढीचे अधिकारी सर्वांत वरच्या खुर्च्यांवर असतील. प्रश्न तातडीचा आहे तो यामुळे.

आता विरोधी बाजू. तिचे सर्वांत भक्कम शस्त्र म्हणजे सर्वोच्च न्यायालयाचा डी. एस. नकारा खटल्यातला निकाल. १७ डिसेंबर १९८२ रोजी सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील घटनापीठाने निवृत्तिवेतन ही मालकाच्या मर्जीने मिळणारी बक्षिसी नसून केलेल्या सेवेचा मोबदला आहे, असे ठरवले. निवृत्त कर्मचारी आजही तो दिवस पेन्शनर दिन म्हणून पाळतात, आणि योग्यच करतात. हा निकाल मला पूर्ण मान्य आहे. पण तो शेवटपर्यंत वाचला पाहिजे. निवृत्तिवेतन हे उमेदीच्या वर्षांत राबलेल्यांना वार्धक्यात वाऱ्यावर सोडले जाणार नाही या भरवशावर दिलेले सामाजिक सुरक्षेचे साधन आहे, हेही त्याच निकालाचे प्रतिपादन आहे. पुढे ढकललेले वेतन म्हणायचे, तर ते कुठवर ढकललेले? वार्धक्यापर्यंत. बावन्नाव्या वर्षी धडधाकट असलेला, दुसऱ्या दिवशी नवे काम सुरू करणारा माणूस वार्धक्यात आहे असे त्याचे कुटुंबीयही म्हणणार नाहीत. हक्काला धक्का न लावता त्याची तारीख ठरवता येते, आणि गँगमनच्या बाबतीत शासनाने ती ठरवलेलीही आहे. अर्थात तारीख पुढे नेली म्हणजे आयुष्यभरात मिळणारी एकूण रक्कम कमी होते, हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही. कमी होते. पण जी वर्षे काम केले नाही आणि म्हातारपणही आले नाही, त्या वर्षांचीच ती रक्कम आहे.

दुसरा आक्षेप मला याहून गंभीर वाटतो. प्रामाणिक अधिकाऱ्याच्या हातात राजीनाम्याखेरीज दुसरे हत्यार उरत नाही, असे अनेक जण सांगतात, आणि ते खोटे नाही. वाळूच्या डंपरला हात घातला म्हणून, टँकरच्या फेऱ्या मोजल्या म्हणून, जमिनीच्या फेरफारावर सही नाकारली म्हणून बदली झालेले अधिकारी तापी-गिरणेच्या काठाने कमी पाहिलेले नाहीत. महाराष्ट्रात बदल्यांचा कायदा २००५ चा आहे, सर्वसाधारण पदावधी तीन वर्षांचा आहे, पण ‘प्रशासकीय कारणास्तव’ या दोन शब्दांनी तो किती वेळा वाकवला जातो हे मंत्रालयाच्या पायऱ्या झिजवणाऱ्याला माहीत असते. अशा वेळी निवृत्तिवेतनाची हमी माणसाला ताठ कण्याने ‘नाही’ म्हणू देते. ती काढून घेतली तर तो मंत्र्याच्या आणखी कह्यात जाईल, असा हा युक्तिवाद. साने गुरुजींनी १९३० साली अमळनेरची शिक्षकाची नोकरी सोडून चळवळीत उडी घेतली तेव्हा त्यांनी मागे वळून पाहिले नव्हते, हे खरे. पण असा त्याग कायद्याने कोणाकडून मागता येत नाही, मागूही नये.

तरीही हा युक्तिवाद अर्धाच टिकतो. पहिले असे की, मी सुचवतो त्या व्यवस्थेत नोकरी सोडणारा अधिकारी उघड्यावर पडत नाही. उपदान, भविष्य निर्वाह निधी आणि ३०० दिवसांपर्यंतच्या अर्जित रजेचे पैसे त्याला लगेच मिळावेत, वैद्यकीय संरक्षण चालू राहावे, आणि निवृत्तिवेतनही कपातीसह लगेच सुरू करण्याची मुभा असावी. ताठ कण्याला एवढा आधार पुरेसा आहे. दुसरे, स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज मंजूर करते ते सरकारच. चौकशी प्रलंबित असेल, निलंबन असेल तर सरकार तो अडवून ठेवू शकते, आणि एरवीही कोणाची फाइल किती वेगाने हलेल हे त्याच्याच हातात असते. म्हणजे ज्या दाराला आपण प्रामाणिकांचे दार म्हणतो त्याची किल्ली सत्ताधाऱ्याच्या कमरेला आहे. अरुण गोयल यांचे उदाहरण साऱ्या देशाने पाहिले. केंद्रात सचिव असताना त्यांनी १८ नोव्हेंबर २०२२ रोजी स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि १९ नोव्हेंबरला ते निवडणूक आयुक्त नेमले गेले. त्या वेगाबद्दल घटनापीठाने केंद्राला खुलासा विचारला. ओडिशात सनदी अधिकारी व्ही. के. पांडियन यांची स्वेच्छानिवृत्ती ऑक्टोबर २०२३ मध्ये मंजूर झाली, लगोलग त्यांना कॅबिनेट मंत्र्याचा दर्जा मिळाला आणि महिन्याभराने ते तेव्हाच्या सत्ताधारी पक्षात दाखल झाले. दोघांनीही कोणताही नियम मोडला नाही. नियमच तसे आहेत, हीच तर अडचण आहे. सत्तेला नकार देऊन बाहेर पडणारा आणि सत्तेच्या होकाराने बाहेर पडणारा, या दोघांना एकच दार आणि एकच निवृत्तिवेतन आहे. पहिल्याला ते उघडायला महिने लागतात आणि दुसऱ्याला एक दिवस.

प्रामाणिकांचे रक्षण करायचे असेल तर ते नोकरीत असताना करायला हवे. माजी कॅबिनेट सचिव टी. एस. आर. सुब्रमणियन यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑक्टोबर २०१३ रोजी नागरी सेवा मंडळे नेमण्याचे, पदावधी निश्चित करण्याचे आणि तोंडी आदेश लेखी नोंदवण्याचे निर्देश दिले. त्यातला शेवटचा मुद्दा जरी जिल्ह्याच्या पातळीवर खरेपणाने अमलात आला असता, तरी निम्मे राजीनामे टळले असते. चांगला जिल्हाधिकारी गेला म्हणून हळहळायचे आणि त्याला लवकर पेन्शन मिळते म्हणून समाधान मानायचे, हा जनतेच्या दृष्टीने फार महागडा सौदा आहे.

तिसरा आक्षेप तरुणांकडून येतो. वरचे लवकर गेले तर खालच्यांना बढती मिळेल, जागा रिकाम्या होतील, स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकांत वर्षानुवर्षे बसलेल्या मुलांना संधी मिळेल. जळगाव-धुळ्याच्या अभ्यासिकांत पहाटेपासून दिवे लागलेले असतात, त्यामुळे हा मुद्दा इथे कोणाला हलका वाटणार नाही. पण जागा रिकामी होणे आणि जागा भरली जाणे यांत किती अंतर असते हे नंदुरबारला जाऊन पाहावे. १ जुलै १९९८ रोजी हा जिल्हा वेगळा झाला तो सातपुड्यातल्या माणसापर्यंत शासन पोहोचावे म्हणून. आज धडगाव-अक्कलकुव्याकडे बदली म्हणजे शिक्षा, असा समज प्रशासनातच रुजलेला आहे. एक अधिकारी गेला की त्याचा ‘अतिरिक्त कार्यभार’ शेजारच्या टेबलावर जातो आणि तिथेच मुक्काम करतो. शिवाय निकामी माणसाला घरी पाठवण्यासाठी वेगळी तरतूद आहेच. राज्याच्या त्याच १९८२ च्या नियमांतल्या नियम १० मध्ये पन्नाशी-पंचावन्नच्या टप्प्यावर पुनर्विलोकन करून अकार्यक्षमाला सक्तीने निवृत्त करण्याचा अधिकार शासनाला आहे. त्याला लगेच निवृत्तिवेतन मिळते आणि मिळायलाच हवे, कारण जाण्याचा निर्णय त्याचा नसतो. स्वेच्छेने जातो तो बहुधा निकामी नसतोच. बाहेर ज्याला भाव आहे तोच जातो. मग सर्वांत कार्यक्षम माणसाने लवकर जावे यासाठी राज्याने त्याला दरमहा पैसे मोजावेत, हे कोणत्या शहाणपणात बसते?

या बाबतीत गोरे राज्यकर्तेही आपल्यापेक्षा हिशेबी होते. मुंबई इलाख्यात देशमुख-देशपांड्यांसारख्या परगणा वतनदारांची महसुली कामे इंग्रजी अमलात कालबाह्य झाली, तेव्हा १८६० च्या दशकात ‘गॉर्डन सेटलमेंट’ म्हणून ओळखला जाणारा तह झाला. वतनदाराला चाकरीतून कायमचे मोकळे करायचे, वतन त्याच्याकडे ठेवायचे, पण त्या उत्पन्नातला ठरावीक हिस्सा जुडी म्हणून सरकारात भरायचा. चाकरी सुटली तर वाट्यातून काही सुटले पाहिजे, हे तत्त्व त्या तहातही होते. पुढे १९१९ च्या मॉन्टफर्ड (मॉन्टेग्यू-चेम्सफर्ड) सुधारणा आल्या आणि हिंदी मंत्र्यांच्या हाताखाली काम नको म्हणणाऱ्या गोऱ्या आय. सी. एस. (इंडियन सिव्हिल सर्व्हिस) अधिकाऱ्यांना लवकर घरी जाण्याची सवलत मिळाली, तीही सेवेच्या ‘प्रमाणात’ निवृत्तिवेतन घेऊन. पूर्ण निवृत्तिवेतन, वर्षाला एक हजार पौंड, पूर्ण मुदत भरणाऱ्यालाच. होम चार्जेसच्या नावाखाली भारताच्या तिजोरीतून विलायतेत जाणाऱ्या या पेन्शनींवर दादाभाई नौरोजींनी आयुष्यभर टीका केली. ज्या सेवेचे लाड त्यांना असह्य झाले होते तिच्यातही लवकर जाणाऱ्याला कात्री होती, आणि स्वतंत्र भारतातल्या तिच्या वारसाला ती नाही.

सरसकट रक्कम देऊन माणूस मोकळा करावा, पुढची कटकट वाचते, असे म्हणणारेही असतात. त्यांना सातपुड्याच्या अंगणातलीच एक गोष्ट आठवून देतो. जून १८१८ मध्ये असीरगडाजवळ दुसऱ्या बाजीरावाने सर जॉन माल्कमपुढे शरणागती पत्करली तेव्हा त्याला वर्षाला आठ लाखांचा तनखा ठरला. माल्कमचे म्हणणे असे की लढाई लांबली तर याहून जास्त खर्च होईल. कंपनीच्या कलकत्त्यातल्या सरकारला मात्र ही रक्कम अवाजवी वाटली. त्रेचाळीस वर्षांचा तो पेशवा बिठूरला जाऊन १८५१ पर्यंत जगला आणि कंपनीला जवळपास तेहतीस वर्षे तनखा मोजावा लागला. माल्कमने लढाई थांबवली, एवढे तरी त्याच्या पदरात पडले. पन्नाशीतल्या सचिवाला घाईने मोकळे करून आपण कोणती लढाई थांबवतो?

‘आधी आमदारांचे बघा’ हे उत्तर सभेत हमखास टाळ्या घेते. आमच्या राज्यात एक मुदत पूर्ण केलेल्या माजी आमदाराला महिना ५०,००० रुपये आणि त्यापुढच्या प्रत्येक वर्षासाठी २,००० रुपये जादा मिळतात, वयाची अट नाही. हे अन्यायकारकच आहे. तेही बदलावे, आणि अधिकाऱ्यांच्या बाबतीतल्या बदलाबरोबरच बदलावे. पण एक अन्याय दुसऱ्या अन्यायाच्या बचावासाठी साक्षीदार म्हणून उभा करता येत नाही. सैनिकांचे उदाहरणही असेच चुकीच्या जागी आणले जाते. जवान अडतीस-चाळिशीत घरी येतो तो स्वेच्छेने नव्हे; सैन्याला तरुण रक्त हवे असते म्हणून त्याला पाठवले जाते, आणि म्हणून त्याचे निवृत्तिवेतन लगेच सुरू होणे हे निखळ न्याय्य आहे. २०२२ पासून अग्निवीराला तेवढेही राहिलेले नाही, चार वर्षे आणि एकरकमी निधी. त्याच्या शेजारी स्वेच्छेने जाणाऱ्या सचिवाचे लगेच मिळणारे निवृत्तिवेतन ठेवून पाहिले की कोणाच्या उदाहरणाने कोणाचा बचाव होतो आहे ते कळते.

शेवटचा आक्षेप हिशेबाचा. देशभरात भारतीय प्रशासन सेवेतले अधिकारी साडेपाच हजारांच्या आसपास. त्यांतले मुदतीआधी जाणारे मूठभर. यातून तिजोरीत काय पडणार? फार काही नाही, हे मी मान्य करतो. राज्याच्या तिजोरीचा भार वेगळ्याच ठिकाणी आहे. पण डिसेंबर २०२२ मध्ये जुनी योजना परत आणली तर एक लाख दहा हजार कोटींचा बोजा पडेल, राज्य दिवाळखोरीत जाईल, असे तत्कालीन उपमुख्यमंत्री आणि अर्थमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी सभागृहात सांगितले, आणि मार्च २०२३ मध्ये ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ म्हणत लाखो कर्मचारी संपावर गेले तेव्हा त्यांना हाच हिशेब ऐकवला गेला. त्या संपात शाळा बंद पडल्या, रुग्णालयांत शस्त्रक्रिया पुढे ढकलल्या गेल्या, आणि शेतकऱ्यांनी संपकऱ्यांना शिव्या घातल्या. तलाठ्याला आणि परिचारिकेला तिजोरीचे दार दाखवणाऱ्या राज्याने त्याच तिजोरीतून सर्वांत वरच्यांना अटीविना द्यावे आणि रक्कम लहान आहे म्हणून तो विषय काढू नये, हे चालणार नाही. काटकसरीचा उपदेश वरून खाली येतो, तर त्याची सुरुवातही वरूनच झाली पाहिजे.

तपशिलात जायचे तर हा बदल सहसचिव आणि त्यावरच्या वेतनस्तरांपुरता ठेवावा. खालच्या वर्गांना त्यातून वगळावे. पूर्ण निवृत्तिवेतन नियत वयाला, आणि तेव्हा सुरू करताना त्या दिवशीच्या महागाई भत्त्यासह, म्हणजे मधल्या वर्षांत रुपयाची जी झीज होते ती माणसाच्या माथी बसणार नाही. आधी हवे असेल त्याला प्रत्येक वर्षामागे ४ टक्के कपात. गंभीर आजार असेल तर वैद्यकीय मंडळाच्या दाखल्यावर लगेच आणि पूर्ण. मधल्या काळात मृत्यू आला तर कुटुंब निवृत्तिवेतन लगेच. अर्जावर सरकारने ठरावीक मुदतीत होय किंवा नाही सांगावे आणि नाही म्हटले तर कारण लेखी द्यावे. निवडणूक लढवण्याआधी किती थांबावे हा जोडीचा प्रश्न. २०२२ मध्ये तो सर्वोच्च न्यायालयापुढे आला तेव्हा न्यायालयाने तो कायदेमंडळावर सोपवला, आणि तिथे तो पडून आहे. खासगी नोकरीसाठीचे परवानगीचे बंधन तर एकाच वर्षाचे आहे.

न्यायालयात हे टिकेल का? निवृत्त झालेल्यांचे दिलेले लाभ मागच्या तारखेने काढून घेता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाच्या १९९७ च्या रंगधामैया निकालाने स्पष्ट केले आहे, म्हणून आज निवृत्त असलेल्या कोणालाही हा नियम लावता येणार नाही आणि लावूही नये. सेवेत असलेल्यांच्या अटी पुढच्या तारखेपासून बदलण्याचा पायंडा मात्र आहे. सहाव्या वेतन आयोगानंतर स्वेच्छानिवृत्तीचा पाच वर्षांचा वाढीव भार सेवेत असलेल्यांसाठीच काढून घेतला गेला होता. अखिल भारतीय सेवांचे नियम केंद्राच्या हातात आहेत, पण राज्यसेवेतल्या वरिष्ठांसाठी महाराष्ट्राला दिल्लीची वाट पाहावी लागत नाही. १९८२ चे नियम राज्यघटनेच्या अनुच्छेद ३०९ खाली केलेले आहेत, त्यामुळे नियम ६६ दुरुस्त करायला विधेयकही लागत नाही, अधिसूचना पुरते. फक्त तिचा मसुदा वित्त विभागातल्या ज्या अधिकाऱ्यांना उद्या याच नियमाखाली जायचे आहे त्यांच्याकडे न देता, निवृत्त न्यायमूर्ती, महालेखापाल कार्यालयाचा प्रतिनिधी आणि कर्मचारी संघटनांपैकी २००५ नंतरच्या पिढीचा एक जण अशा लहान समितीकडे द्यावा, आणि तिच्यापुढे एसटीच्या एखाद्या निवृत्त वाहकालाही साक्षीला बोलवावे.